जाड रेघेचा अर्थ

आकाराम थोरवडे हे माझे दाजी. माझी थोरली बहीण बनू त्यांना दिलेली. आम्ही पलूसचे, मी तिथल्याच शाळेत मास्तर, आणि दाजी कोयनेच्या खोऱ्यातल्या पिंपळटेक नावाच्या वाडीचे. छप्पन सालानंतर दोन्ही घरांनी धम्म घेतला, त्या काळातल्या सभांमधून ओळख झाली आणि सोयरीक जुळली. लग्नाच्या वेळी दाजी साताऱ्याच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेले होते. त्यांच्या वाडीत, खालच्या आळीत काय अन् वरच्या आळीत काय, तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. आमचे वडील म्हणाले, "पोरगा बोलतो कमी, पर बोलतो ते तोलून. पोरीला सुख लागंल."

कोयनेच्या धरणात पाणी साठायला लागलं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत खोऱ्यात जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. फळीवरची भांडी वाजायची, कौलं सरकायची. मग सरकारनं डोंगरावर ठिकठिकाणी भूकंप नोंदवणारी यंत्रं बसवली. पिंपळटेकच्या वर जो सडा आहे, उघडा, कातळाचा, तिथं तसं एक ठाणं झालं आणि दाजींना तिथं नोकरी लागली.

मी एकदा ते ठाणं पाहायला गेलो होतो. जाड भिंतींची एक बुटकी खोली, आत अंधार. एका ढोलावर चकचकीत कागद गुंडाळलेला आणि त्यावर काजळी धरलेली. ढोल सावकाश फिरायचा आणि एक बारीक सुई काजळी खरवडत पांढरी रेघ काढत जायची. जमीन हलली की रेघ वाकडी व्हायची. दाजी रोज सकाळी तो कागद उतरवायचे, काजळी पुसली जाऊ नये म्हणून लाखेच्या पातळ रोगणात बुडवून वाळत घालायचे आणि घासलेटच्या दिव्यावर नवा कागद काळा करायचे. त्यांची बोटं कायम काळी असत. माझी बहीण म्हणायची, "ह्यांनी भाकरीला हात लावला की भाकरीवर ठसा उमटतो."

कागद वाचायला त्यांना अभ्यंकर साहेबांनी शिकवलं. हे साहेब मूळचे सांगलीचे. अशी चार-पाच ठाणी त्यांच्याकडे होती आणि महिन्यातून एकदा ते जीपमधून येत. माणूस चांगला होता. दाजींच्या हातचा चहा घ्यायचे, आणि त्याचं त्यांना काही विशेष वाटायचं नाही. दाजींना मात्र वाटायचं. त्यांनी ते मला दोन-तीनदा सांगितलं.

भूकंपाची रेघ ओळखायला सोपी, असं दाजी सांगायचे. एकदम झटका, मग थोड्या वेळानं दुसरा, मोठा झटका, मग विझत विझत शांत. त्या दोन झटक्यांमधल्या अंतरावरून भूकंप किती लांब झाला ते काढता येतं. त्यांना अवघड वाटायची ती जाड रेघ. तिला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. सुई नुसती थरथरत राहते, घटकाभर, कधी अर्धा दिवस. पावसाळ्यात समुद्र खवळला की इतक्या लांब आमच्या डोंगरावरही तशी रेघ उमटते, असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. धरणातून पाणी सोडलं तरी उमटते. वाऱ्यानंही उमटते.

सदुसष्ट सालच्या भाद्रपदात, गणपती उठायच्या सुमाराला, खोऱ्याला एक मोठा धक्का बसला. पिंपळटेकमधल्या भिंतींना भेगा गेल्या. त्या रात्रीपासून लोकांनी घरात झोपणं सोडलं. वाडीखालच्या पडीक रानात त्यांनी गवताची खोपटं घातली. वरच्या आळीची खोपटं एका टोकाला, खालच्या आळीची दुसऱ्या टोकाला. दाजींची आई राहीबाई एकटी एका खोपटात राहू लागली, कारण माझी बहीण तेव्हा दुसऱ्या बाळंतपणासाठी पलूसला आली होती. दाजी ठाण्यावरच झोपायचे. कामाच्या नियमानं तसं राहावं लागे.

दिवाळी झाली आणि कागदावर ती जाड रेघ दिसू लागली. रोज संध्याकाळी सुरू व्हायची, कधी घटकाभरानं थांबायची, कधी मध्यरात्रीपर्यंत चालायची. समुद्र तर आता शांत होता. दाजींनी धरणावर चौकशी केली. पाणी सोडण्याच्या वेळा जुळत नव्हत्या. त्यांना झोप लागेना. आईकडून भाकरी न्यायला खाली आले तेव्हा ते तिच्यापाशी बोलून गेले, आणि म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ते वाडीभर झालं. रोज सांजच्याला जमीन आतून थरथरते, आकारामच्या कागदावर दिसतं, असं लोक सांगू लागले. जी चार घरं पुन्हा आत झोपायला लागली होती, तीही बाहेर आली.

साहेबांना कळवल्यावर ते ठरलेल्या फेरीआधीच आले आणि तीन दिवस राहिले. संध्याकाळी दोघं कंदील घेऊन यंत्रासमोर बसले. बसल्या बसल्या साहेबांनी एका डोंगराची गोष्ट सांगितली. लांब उत्तरेला एक ज्वालामुखी आहे, वर बारा महिने बर्फ आणि पोटात विस्तव. तिथंही अशीच सुई तासन् तास थरथरते. कोणी म्हणतं, वरचा बर्फ घसरतोय. कोणी म्हणतं, बर्फाखालून पाणी वाहतंय. कोणी म्हणतं, खाली खडक वितळून वर यायला लागलाय. मोठमोठे लोक तिच्यावरून वर्षानुवर्षं वाद घालतात.

"मग त्यांना कसं कळतं, साहेब?" दाजींनी विचारलं.

"पुष्कळदा कळतच नाही," साहेब म्हणाले. "कागदावर तिन्ही सारखीच दिसतात. एकेक कारण बाजूला काढून बघावं लागतं, आणि तिथं ते काढता येत नाही. बर्फ उचलून कुठं ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी साहेब ठाण्याभोवती फिरले. ठाण्याला लागून सावरीचं मोठं झाड होतं. त्याची मुळं खोलीच्या जोत्यात शिरलेली. दिवाळीनंतर पूर्वेचा वारा सुटतो, तो संध्याकाळी सड्यावर जोरात येतो. साहेबांनी दाजींना आत बसवलं आणि स्वतः बाहेर उभे राहून वाऱ्याची प्रत्येक झुळूक ओरडून सांगत राहिले. झुळूक आली की सुईची थरथर वाढायची. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी वाडीतून दोन माणसं बोलावून झाड तोडायला लावलं आणि मुळं उकरून काढली. त्या संध्याकाळी रेघ केसासारखी बारीक आली. पुढचा आठवडाभर तशीच येत राहिली.

झाड तोडलं त्या दिवशी साहेबांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. दाजी मला पुढे म्हणाले होते, "सोपान, जन्मात तेवढा आनंद मला कशाचाच झाला नव्हता. एक गोष्ट आपल्याला नीट कळली, असं वाटलं."

दाजी खाली वाडीत गेले तेव्हा राहीबाईच्या खोपटापुढं नाथाजी पवार आले. नाथाजी हे वरच्या आळीतले, पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. त्याआधी ते कधी खालच्या आळीतल्या कुणाच्या दारात बसले नव्हते. राहीबाईनं घाईघाईनं घोंगडं अंथरलं. नाथाजी त्याच्यावर बसले.

"आकाराम, खरं सांग," ते म्हणाले. "ती रोजची थरथर कशाची व्हती?"

"झाडाची, बापू. सावरीचं झाड वाऱ्यानं हालत व्हतं. तोडलं, ती थांबली."

"म्हंजे खाली काय न्हाई?"

"त्या रेघंत तरी काय न्हाई."

"थंडी वाढलीया. म्हातारी माणसं खोकत्यात, ल्हान प्वारं आजारी पडायला लागल्यात. आत झोपावं का न्हाई, तेवढं सांग."

हे दाजींनी मला पुढे सांगितलं. वाडीतल्या सगळ्यात मोठ्या माणसानं त्यांना विचारलं होतं. आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. साहेबांनी रेघेविषयी सांगितलं होतं, घराविषयी काहीच सांगितलं नव्हतं. पण रेघेचा प्रश्न सुटला होता आणि त्या सुटल्याचा आनंद अजून अंगात होता.

"झोपा आत," ते म्हणाले.

मार्गशीर्ष लागला तेव्हा रानातली खोपटं मोकळी झाली होती. राहीबाई आपल्या दगडी घरात परत गेली. तिनं शेणानं घर सारवलं आणि आल्या-गेल्याला सांगितलं, "माझ्या आकारामनं बघितलंय, काय भ्या न्हाई."

डिसेंबरातल्या त्या पहाटे आम्ही पलूसला होतो. इतक्या लांबही फळीवरची भांडी खाली आली आणि गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला लागल्या. बनूला कळा सुरू झाल्या होत्या. आईनं तिला अंगणात आणलं, आणि उजाडल्यावर अंगणातच ती बाळंत झाली. मुलगी झाली. दुपारी बातमी आली की कोयनेकडे सगळं पडलंय. मी कराडपर्यंत एस.टी.नं गेलो, पुढे मदतीच्या ट्रकमधून आणि मग चालत. पिंपळटेकला पोचलो तो दुसरा दिवस मावळत आला होता.

वाडी अशी राहिलीच नव्हती. दगडी भिंती आतल्या अंगाला कोसळल्या होत्या आणि त्यावर कौलांचा खच. खालच्या रानात जुनी खोपटं मात्र जशीच्या तशी उभी होती. त्यांत आता वाचलेली माणसं बसली होती आणि या वेळी कोणती आळी कोणत्या टोकाला याचा कुणी विचार केला नव्हता.

नाथाजी मला एका खोपटाबाहेर भेटले. त्यांच्या घरात त्यांची बायको आणि नात गेली होती. त्यांनी मला ओळखलं.

"राहीबाईला मघाशी माती दिली, मास्तर," ते म्हणाले. "मला सांगाय नगं वाटतंय, पर तुमी आकारामच्या घरचं. म्हातारी लगेच गेली न्हाई. दगडाखालनं आवाज येत व्हता. आमी आपापल्या घरातलं उकरत व्हतो. उजाडल्यावर तिच्याकडं गेलो तवर आवाज थांबला व्हता."

"दाजी कुठं होते?"

"ते इचारू नगा." पण मग त्यांनीच सांगितलं, "उजाडल्यावर आला. धावत आला."

मी निघालो तसे ते मागून म्हणाले, "मास्तर, आमी कुनी त्याला बोल लावत न्हाई. धरणीवर कुनाची सत्ता चालत न्हाई. पर त्यानं सांगितलं म्हणून आमी आत गेलो, ह्ये बी खोटं न्हाई."

दाजी ठाण्यावर होते. ठाण्याच्या भिंती टिकल्या होत्या. ते दिव्यावर कागद काळा करत होते. मला पाहून त्यांनी फक्त मान हलवली. मी मुलगी झाल्याचं सांगितलं. ते कागद दिव्यावर फिरवत राहिले.

त्या पहाटे ते उशीर करून खाली का गेले, ते त्यांनी मला त्याच रात्री सांगितलं. धक्क्यानं ते अंथरुणावरून फेकले गेले. उठून यंत्राच्या खोलीत गेले तर सुई तुटून पडली होती आणि कागद फाटला होता. मोठ्या भूकंपानंतरचे पहिले तास फार मोलाचे, एक क्षण वाया घालवू नका, असं साहेबांनी त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. चांदणं मावळलेलं, खाली वाडी दिसत नव्हती. ओरडणं ऐकू येत होतं, पण भाद्रपदातही लोक असेच ओरडले होते आणि तेव्हा कुणी मेलं नव्हतं. त्यांनी नवा कागद काळा केला, नवी सुई लावली, ढोल चालू केला. मग सुई स्थिर होण्याची वाट पाहिली, कारण स्थिर झाल्याशिवाय नोंद सुरू झाली असं म्हणता येत नाही.

"थांबेचना, सोपान," ते म्हणाले. "एक धक्का विझायच्या आत दुसरा. सगळी मिळून एक जाड रेघ. मी बघत बसलो. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय. ते नीट करत बसलो."

"तुम्हाला काय माहीत होतं, दाजी," मी म्हणालो.

"तेच. मला काय माहीत होतं."

मी त्यांना पलूसला चला म्हणालो. ते आले नाहीत. धक्के महिनोन् महिने येत राहिले आणि कोणीतरी कागद बदलायला हवा होता. सरकारनं वाचलेल्या लोकांना पत्र्याच्या खोल्या बांधून दिल्या. दाजी पाणी आणायला खाली यायचे तेव्हा कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. बायका घागर बाजूला सरकवून त्यांना जागा करून द्यायच्या. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "आकाराम, आता पत्र्याखाली झोपलं तर चालंल न्हवं?" ते म्हणाले, "मला न्हाई म्हाईत, आज्जी." म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाईला हळूच म्हणाली, "म्हाईत हाय त्याला. आता सांगत न्हाई." त्या रात्री पुष्कळ लोक पुन्हा उघड्यावर झोपले. दाजींनी खरं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या खऱ्याला आता कुणाच्या लेखी काही किंमत उरली नव्हती.

उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले. अभ्यंकर साहेब रजेवर सांगलीला आलेत, त्यांना भेटायचं आहे, बरोबर चल, म्हणाले. लाखेनं कडक झालेला एक कागद त्यांनी पुठ्ठ्यात घालून आणला होता. साहेबांनीच तो घेऊन यायला सांगितलं होतं.

सांगलीच्या गावभागातल्या त्या घराच्या ओसरीवर साहेबांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि स्वतःही समोर बसले. ते फार खंगलेले दिसत होते. दाजींनी कागद उलगडला.

"साहेब, हा तुळशीच्या लग्नाच्या आसपासचा. झाड तोडायच्या आधीचा. ही जाड रेघ बघा. या संध्याकाळी वारा नव्हता."

"कशावरून?"

"मी ठाण्यामागं पालापाचोळा जाळत होतो. धूर सरळ वर जात होता. मला डोळ्यांपुढं दिसतंय."

साहेबांनी भिंग घेऊन ती रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मग पुन्हा पाहिली. आतून कुणीतरी पाणी आणून ठेवलं. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पालापाचोळा जाळला तो दिवस हाच, याची खात्री आहे तुम्हाला?"

"होती, साहेब," दाजी म्हणाले. "रोज आठवून आठवून आता राहिली नाही."

"बरं. समजा वारा नव्हता. तर मग ही रेघ समुद्राची असेल, कुठं पाणी सोडलं असेल, किंवा खाली काही सरकत असेल. कागदावरून सांगता येत नाही."

"खाली सरकत असेल तर ते आधी दिसत होतं, असं म्हणायचं?"

"तसंही म्हणता येत नाही. अशी रेघ उमटून पुढं काहीच झालं नाही, असंही मी पाहिलंय. आकाराम, या कागदात तुम्ही दोषी आहात असंही लिहिलेलं नाही आणि नाही असंही लिहिलेलं नाही. मी कितीदाही पाहिला तरी यातून काही निघणार नाही."

"मग एवढी वर्षं आपण दोघं काय करत होतो, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. "नोंदवत होतो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "झाड तोडलं त्या दिवशी मीही फार खूष झालो होतो. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं."

आम्ही उठलो. कागद साहेबांपाशीच राहिला. कृष्णेच्या घाटावर दाजी पायरीवर टेकले. खाली बायका धुणं धूत होत्या. मी म्हणालो, चला, गाडी चुकेल. ते म्हणाले, "त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझी चूक झाली म्हणाले असते, तर त्या चुकीला धरून बसलो असतो. आता धरायला काहीच नाही."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि ते पलूसला येऊन राहिले. माझ्या ओळखीनं त्यांना शाळेत शिपायाची जागा मिळत होती, पण त्यांनी ती घेतली नाही. गावाबाहेरच्या एका गुऱ्हाळावर, रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालायचं काम त्यांनी धरलं. त्या कामाला बोलावं लागत नाही. हंगाम सरला की ते कुणाच्याही रानात रोजानं जायचे.

बनूनं फार प्रयत्न केले. धाकट्या मुलीला ती त्यांच्या मांडीवर आणून बसवायची. ते तिला नीट धरायचे, तिचं नाक पुसायचे, पण तिच्या वाढदिवसाला घरात थांबायचे नाहीत, कारण तो त्यांच्या आईच्या मरणाचा दिवस होता. एकदा बनू त्यांना म्हणाली, "आवं, तुमी मुद्दाम काय केलं का? मग सोताला किती जाळून घ्याल?" ते म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर कवातरी संपलं असतं." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

एका हंगामात गुऱ्हाळावर बिराप्पा नावाचा, गूळ शिजवणारा नवा गुळव्या आला. जतच्या बाजूचा, बडबड्या माणूस. त्याच्या कानावर कुठूनतरी आलं होतं. काहील उतरवून सगळे बसले होते, मीही तिथं गूळ न्यायला गेलो होतो. बिराप्पा दाजींना म्हणाला, "पावनं, तुमी भूकंपाच्या हापिसात व्हता म्हनं. परत हुईल का वो तसला?"

दाजी चुलवाणाच्या तोंडाशी बसले होते. "न्हाई म्हाईत," ते म्हणाले.

"एवढी वरसं मशिनीम्होरं बसलाय आन् म्हाईत न्हाई?" बिराप्पा हसला. "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या."

दाजींनी चिपाडाची एक पेंढी ओढली आणि आत सारली. मग मालकानं हाक मारली आणि सगळे दुसऱ्या काहिलीच्या तयारीला उठले.